शांतता राखणारा तालुका

आमच्या विहिरीशेजारच्या बांधावर रेल्वेच्या मोजणीचा दगड अजून उभा आहे. वीतभर उंचीचा, चुना फासलेला, डोक्यावर लाल पट्टा. तीन पावसाळ्यांत चुना धुऊन गेला, पट्टा तेवढा राहिलाय. दगड रोवला त्या वर्षी आप्पा त्या तुकड्यात केशर आंबा लावणार होते. रोपं सांगून ठेवली होती, खड्डेही घेऊन झाले होते. मग गाडी येणार, जमीन जाणार, झाड लावून काय करायचं, म्हणून खड्डे बुजवले. तेव्हापासून त्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर नाहीतर भुईमूग, म्हणजे दोन-चार महिन्यांत हाती येईल असंच पीक.

आता गाडी येणार नाही. पुणे-नाशिक रेल्वे होणार आहे, पण आमच्या अंगाने नाही. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की आमच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी रेडिओ दुर्बीण आहे, गाडीमुळे तिच्या कामात अडथळा येईल, म्हणून मार्ग बदलावा लागेल. पुढच्या वर्षीही तेच उत्तर कायम राहिलं आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे आला. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर ही नावं रेल्वेच्या नकाशावरून गेली.

त्या रात्री आप्पांचा फोन आला. बाकी काही न बोलता म्हणाले, "दुर्बिणीनं आपली गाडी नेली गं."

मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. कारण आप्पांना ती गाडी किती हवी होती हे मला माहीत आहे, आणि ती दुर्बीण माझ्यासाठी काय आहे हे त्यांना माहीत आहे.

आधी गाडीचं सांगते. पुणे आणि नाशिक या दोन शहरांत रस्त्याने साधारण २१० किलोमीटरचं अंतर. मधला सगळा पट्टा बागायती, माणसांनी गजबजलेला. तरीही या दोन शहरांना जोडणारी थेट रेल्वे नाही. रेल्वेनेच जायचं म्हटलं तर कल्याणला नाहीतर मनमाडला वळसा घालायचा. नव्या गाडीचा आराखडा होता २३५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा, खर्च १६,००० कोटींच्या घरात. पुण्याहून नाशिक पावणेदोन तासांत. काही गावांत जमिनींची खरेदीखतंही झाली होती.

मी पिंपरीला नोकरी करते. शुक्रवारी संध्याकाळी नाशिक फाट्यावर एसटीला उभी राहते आणि नारायणगावला कधी पोचेन ते चाकणच्या तळेगाव चौकावर अवलंबून असतं. अंतर पंचाहत्तर किलोमीटरही नाही. कधी दोन तास लागतात, कधी चार. दोन वर्षांपूर्वी आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स त्याच चौकात पाऊण तास अडकली होती. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून आईकडे बघत होते. आई वाचली. पण त्या पाऊण तासानंतर आप्पा रेल्वेबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलतो.

आणि टोमॅटो. नारायणगावच्या उपबाजारात हंगामात पहाटेपासून वीस-वीस किलोच्या क्रेटची थप्पी लागते. माल परराज्यांत जातो तो सगळा ट्रकने. गाडी हायवेला अडकली की वरचा थर उन्हाने मऊ पडतो, आणि तिथे पोचल्यावर भाव त्या वरच्या थराचा होतो. मालगाडीचा डबा मिळाला असता तर काय झालं असतं याचे हिशोब आमच्या पारावर दोन वर्षं चालले होते. म्हणून गाडीसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांना कोणी विज्ञानाचे शत्रू म्हटलं की मला ते लागतं. ती माझी माणसं आहेत, आणि त्यांची मागणी रास्त आहे.

आता दुर्बीण. खोडदला मी पहिल्यांदा गेले ती आठवीत, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला. त्या दिवशी ती सगळ्यांना बघायला खुली असते आणि आसपासच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग मांडून बसतात. फाटकापाशीच मोबाइल बंद करायला लावले. आमच्या बाईंनी पर्समधून फोन काढून बंद केला, मग पुन्हा काढून नीट बंद झालाय का ते पाहिलं, एवढं मला अजून आठवतं.

डिशच्या खाली उभं राहून वर पाहिलं तर आभाळ दिसलं. मला वाटलं होतं पत्र्याची मोठी परात असेल. ती निघाली जाळी. जाड दोऱ्याएवढ्या स्टीलच्या तारेची, मध्यभागी एक सेंटिमीटरची वीण, कडेला दोन सेंटिमीटरची. व्यास ४५ मीटर. आमचं मारुतीचं देऊळ, त्यापुढचं पटांगण आणि पार तिच्या तोंडावर सहज मावलं असतं. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना ही भोकं भोकं वाटतच नाहीत, चाळणीतून पीठ पडतं पण गहू वर राहतो तसं, असं तिथल्या दादाने समजावलं. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्याचं ओझं सांगाड्यावर येत नाही. युरोपातल्या दुर्बिणीचं चित्र समोर ठेवून हे झालं नसतं. आपलं हवामान बघून, आपल्या पैशांत काय बसेल ते बघून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना केली. स्वरूप १९६३ मध्ये अमेरिकेतून परत येऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. आधी त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, मग ऐंशीच्या दशकात खोडदचं काम हाती घेतलं. २०२० मध्ये ते गेले.

अशा एकूण ३० डिश आहेत. १४ मध्यभागी, साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये, आणि १६ तीन भुजांवर लांबपर्यंत पसरलेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. आमच्या शेतातून दिसते ती एका भुजेतली डिश. ऊस वाढला की तिचा वरचा अर्धाच भाग दिसतो आणि ऊस तुटून गेला की पुन्हा पायासकट पूर्ण दिसते. लहानपणी मी सकाळी उठल्यावर आधी तिचं तोंड कुठे आहे ते पाहायची. सोसाट्याचा वारा सुटला की ती तोंड आभाळाकडे करून स्वस्थ बसते, म्हणजे आज वावटळ आहे हे आजी तिच्याकडे बघून सांगायची.

इथेच का, तर पुण्यापासून जवळ असूनही इथे गोंगाट नव्हता. भोवती डोंगर, त्यांच्या आडोशाने शहरांचे रेडिओ लहरींचे आवाज अडतात. वारा माफक. अक्षांश असा की डोक्यावरचं विद्युतभारित हवेचं आवरण त्या मानाने शांत असतं. १९७१ मध्ये देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह संपर्क केंद्र आमच्याच भागात, आर्वीला, उभं राहिलं होतं. आभाळाकडे तोंड केलेल्या डिश आमच्या तालुक्याला आधीपासून ओळखीच्या आहेत.

तारकाविश्वांतून येणाऱ्या रेडिओ लहरी किती क्षीण असतात याची कल्पना आकड्याने येत नाही. एखादा साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर या दुर्बिणीच्या दृष्टीने तो आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक ठरेल. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र ठोके ऐकू यायचे. २०१५ मध्ये उलगडा झाला. तिथल्या इमारतीतला मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत कोणी दार उघडलं की तो ठोका उमटायचा. सतरा वर्षं शास्त्रज्ञ आभाळात शोधत होते आणि उत्तर स्वयंपाकाच्या ओट्यावर होतं.

आता त्या जागी विजेची रेल्वे ठेवून पाहा. वरच्या तारेला घासणाऱ्या पँटोग्राफमधून ठिणग्या उडतात, त्या जवळपास सगळ्या रेडिओ पट्ट्यांत खरखर करतात. अपघात टाळणारी रेल्वेची कवच यंत्रणा इंजिन आणि स्थानकांमध्ये रेडिओवर बोलते, तो पट्टा ४०६ ते ४७० मेगाहर्ट्झचा. खोडद २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा सलग ऐकतं. शिवाय गाडीत बसलेल्या शेकडो माणसांच्या खिशातले फोन. हे सगळं मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आपल्या मोटरीचं काय?"

प्रश्न बरोबर होता, कारण आमच्याकडे तसं एकदा झालं होतं. मी बारावीला असेन. छतावर अँटेना लावलेली एक जीप दोन दिवस आमच्या शिवारात फिरत होती. बिबट्याच्या पिंजऱ्यासाठी आलेत असं आधी सगळ्यांना वाटलं. ते वीजवाहिन्यांमधल्या ठिणग्या शोधत होते. आमच्या डीपीपासून तिसऱ्या खांबावर चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला होता आणि दवात तिथून बारीक ठिणगी उडायची. संध्याकाळी जवळ गेलं की चरचर ऐकू यायची, पण आम्हाला तिची सवय झाली होती. त्या माणसांनी खांब दाखवला, वायरमनने इन्सुलेटर बदलला आणि चुलत्यांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. नंतर चुलते कितीतरी दिवस सांगत होते की आपल्या खांबावरची ठिणगी तिकडे खोडदला वाजत होती.

ही गोष्ट मी वारंवार आठवते. कारण या दुर्बिणीला लागणारी शांतता सरकारी कागदाने तयार होत नाही. ती अशा खांबाखांबावर, विहिरीविहिरीवर राखली जाते. आसपास कारखाना काढायचा तर जीएमआरटीचं ना-हरकत लागतं. मोबाइल टॉवरलाही विचारावं लागतं. आमच्या गावच्या पोरांनी कामासाठी चाकण आणि रांजणगाव गाठलं, त्याला हे एकच कारण नाही, पण हेही एक कारण आहे. गेली तीसेक वर्षं हा तालुका आपल्या वाट्याचा आवाज कमी ठेवून बसलाय.

आणि त्या शांततेत काय ऐकू आलं? १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय अवकाश संस्थेचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण सूर त्या वेळी खोडदच्या डिश थेट ऐकत होत्या. मंगळावरून इथवर यायला त्या लहरींना जवळपास दहा मिनिटं लागत होती. हवाई छत्री उघडल्यावरही सूर चालू होता, आणि मग जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी तो थांबला. यान आदळलं होतं. कोट्यवधी किलोमीटरवर एक यंत्र गप्प झालं आणि ते कळलं आमच्या टोमॅटोच्या रानांमधून. मला त्या बातमीने भरून आलं होतं.

२०२३ च्या जानेवारीत त्याहून मोठी गोष्ट झाली. अर्णव चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या दोघा शास्त्रज्ञांनी खोडदच्या निरीक्षणांमधून एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे तारकाविश्वातल्या, हायड्रोजनचा सूर वेगळा काढला. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची लहर सोडतो. ही लहर निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. वाटेत विश्व पसरत गेलं आणि त्याबरोबर लहरही ताणली गेली. खोडदच्या जाळीवर पोचली तेव्हा ती ४८ सेंटिमीटरची झाली होती. मधे आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून तिला सुमारे तीसपट मोठं केलं, म्हणून ती कळली तरी. त्याच वर्षी २९ जूनला जगभरच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतल्या बारीक चुका मोजून त्यांना विश्वभर पसरलेल्या, वर्षानुवर्षांच्या लांबीच्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली आहे. युरोपीय गटाच्या त्या मोजणीत खोडदला टिपलेले ठोकेही होते.

यातल्या कुठल्याही शोधनिबंधावर आमच्या चुलत्यांचं नाव असणार नाही, ते असायचं कारणही नाही. पण तो इन्सुलेटर बदलला गेला नसता, तर त्या खांबाच्या बाजूच्या डिशवर खरखर वाढली असती. मला सांगायचं आहे ते एवढंच. ही शांतता या तालुक्याची कमाई आहे. पाण्यासारखी, गायरानासारखी सगळ्यांनी मिळून राखलेली. ती राखणाऱ्यांशी भागीदारासारखं बोललं पाहिजे.

म्हणून मार्ग बदलावा की नाही यावर माझं मत पक्कं आहे, आणि ते आप्पांच्या मताविरुद्ध आहे. रूळ सरकवता येतात. ३० डिश, जमिनीखालून गेलेल्या ऑप्टिकल फायबर केबली आणि तीस वर्षांची निरीक्षणं उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. एकदा गोंगाट आला की तो परत जात नाही. पण रूळ सरकवताना संगमनेर-जुन्नरच्या माणसाला लोकसभेतल्या उत्तरातून ते कळावं, हे मला पटत नाही. खासदार अमोल कोल्हे यांनी हा विषय संसदेत लावून धरला, ते त्यांचं कामच आहे. मला हवं आहे ते आणखी खालच्या पातळीवर. किती किलोमीटरवर किती गोंगाट पोचतो त्याची मोजणी मराठीत, ग्रामसभेत, भिंतीवर लावून दाखवावी. बोगदा, आडभिंत, आणखी पूर्वेकडचा वळसा, यातलं काय तपासलं आणि ते का जमलं नाही तेही सांगावं. आणि विजेची गाडी जमतच नसेल तर चाकणच्या रस्त्याचं काय करणार ते त्याच बैठकीत सांगावं. शांतता राखणाऱ्या तालुक्याला चांगला रस्ता, वेळेवर पोचणारी अँब्युलन्स आणि टोमॅटोसाठी शीतगृहं मिळणं हा त्या शांततेचा मोबदला आहे. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती १९५८ पासून ३४,००० चौरस किलोमीटरचा शांतता पट्टा आहे. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खास खगोलशास्त्रासाठी कायदा केला. तिथेही स्थानिकांच्या तक्रारी आहेतच. पण पट्टा कुठून कुठवर आणि त्यात काय चालेल, हे तिथे लिहिलेलं असतं.

आणखी एक काळजी आहे आणि ती रेल्वेहून मोठी वाटते. गाडी वळवता येते, डोक्यावरून जाणारा उपग्रह वळवता येत नाही. नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिलं की उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीच्या उपग्रहांमधून, त्यांच्या कामाचा भाग नसलेल्या, कमी वारंवारतेच्या लहरी गळतात. पुढच्या वर्षी कळलं की नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती आधीच्या ३२ पट ठळक असू शकते. खोडदच्या ऐकण्याचा खालचा पट्टा हाच. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला, आणि नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिवसारख्या जिल्ह्यांत इंटरनेट पोचवण्यासाठी त्यांच्याशी इरादापत्रावर सही केली. नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या मुलीला इंटरनेट मिळू नये असं मी कसं म्हणेन? ते मिळायलाच हवं. पण ज्या दुर्बिणीसाठी आम्ही गाडी सोडली, तिच्या डोक्यावर काय फिरणार आहे हे विचारायचा हक्क आता आम्हालाही आहे, असं मला मनापासून वाटतं. उपग्रहांची गळती रोखता येते, त्यासाठी परवान्यात अट घालावी लागते. ती घातली आहे का, हे आमच्या आमदारांनी विचारावं.

यंदा २८ फेब्रुवारीला मी आप्पांना खोडदला घेऊन गेले. इतकी वर्षं शेतातून ती डिश बघणारा माणूस, आत कधी गेला नव्हता. फाटकावर फोन बंद केला. डिशखाली उभे राहिले, टोपी काढून वर पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तारेची वीण बघून म्हणाले, "ही तार गंजत नाही का?" तिथे उभ्या असलेल्या तरुण शास्त्रज्ञाने त्यांना स्टीलबद्दल, देखभालीबद्दल सगळं नीट सांगितलं. दोघांचं बोलणं वाढत गेलं. मुलगा बाहेरच्या राज्यातला, पण मराठी चांगलं बोलत होता. आप्पांनी त्याला रेल्वेच्या दगडाचं सांगितलं, आंब्याच्या खड्ड्यांचं सांगितलं. तो मध्ये न बोलता ऐकत होता.

शेवटी आप्पा म्हणाले, "आम्ही काय काय बंद ठेवायचं ते तुम्ही सांगता, आम्ही ठेवतो. पण बंद ठेवल्यावर तुम्हाला काय ऐकू आलं, ते एकदा गावात येऊन सांगा की."

"येतो काका," तो म्हणाला. "तुमचा नंबर द्या."

आप्पांनी खिशात हात घातला, फोन काढला आणि बंद फोन हातात धरून तसेच उभे राहिले. नंबर त्यांना पाठ नाही. मी सांगायला पुढे झाले, तेवढ्यात त्यांनी त्या मुलाच्या हातातली वही मागून घेतली. तिच्या कोऱ्या पानावर गावाचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, मारुतीचं देऊळ, ग्रामसभेच्या दिवशी, सकाळी दहा.